तात्यांचं पेट्रोल जातं कुठे?

लग्नाच्या मुलाचा पगार आणि मोटरसायकलचं ॲव्हरेज, या दोन गोष्टी माणूस कधी खऱ्या सांगत नाही. शेजाऱ्याला सांगताना पंधराने वाढवतो आणि मेकॅनिकच्या दारात आला की पंधराने कमी करतो. शेजाऱ्याला सत्तर, मला चाळीस. गाडी तीच, मालक तोच, पेट्रोलपंपही तोच. पस्तीस वर्षं मी रत्नागिरीत मांडवीच्या रस्त्याला गॅरेज चालवलं, आणि त्यातली निम्मी वर्षं तरी ‘सुरेश, गाडी ॲव्हरेज देत नाही रे’ हे एकच वाक्य ऐकण्यात गेली असतील.

दोन वर्षांपूर्वी शटर ओढलं. गुडघे म्हणाले, पुरे. शिवाय नव्या गाड्यांना कार्बुरेटरच नाही. एक वायर लावायची, मोबाइलएवढं यंत्र हातात धरायचं, की गाडी काय दुखतंय ते स्वतःच सांगते. आमच्या वेळी गाडी अवाक्षर बोलायची नाही आणि मालक थांबायचा नाही. त्या दोघांच्या मधून खरं काय ते काढायचं, हा आमचा धंदा. ते मी बरं करायचो, असं लोक म्हणतात. मीही म्हणतो. मात्र एकदा असा तोंडावर आपटलो की अजून आठवलं की कानाच्या पाळ्या गरम होतात. तेच सांगायला बसलोय.

ज्यांनी जन्मात पाना हातात धरला नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. इंजिनाला नुसतं पेट्रोल चालत नाही, त्यात हवा मिसळावी लागते. आमटीसारखंच आहे ते. पाणी नि डाळ यांचं प्रमाण जमलं तर आमटी, नाहीतर एकतर पिठलं होतं नाहीतर धुवण. हे प्रमाण कार्बुरेटर सांभाळतो. पेट्रोल जास्त झालं की गाडी काळा धूर सोडते, ठिणगी पाडणाऱ्या प्लगवर काजळी धरते आणि टाकी भराभर रिकामी होते. पण प्रत्येक वेळी कार्बुरेटरच दोषी असतो असं नाही. हवेचा फिल्टर धुळीनं बुजलेला असतो, चाकात हवा कमी असते, ब्रेक घासत असतो, आमच्या खाऱ्या हवेत चेन गंजून कुरकुरत असते. आणि अर्ध्याहून अधिक वेळा दोष गाडीच्या वर बसलेला असतो.

एक रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. गाडी घेऊन आले, टाकीचं झाकण उघडलं तर आतून आमच्या आजोळच्या कपाटाचा वास. म्हटलं, सर, आत काय टाकलंत? तर डांबरगोळ्या! त्यानं ॲव्हरेज वाढतं म्हणे. मी विचारलं, हे तुमच्या पुस्तकात आहे काय? तर म्हणाले, ‘पुस्तकात नाही, पण व्हॉट्सॲपवर आलं होतं.’ तीन दिवस टाकी धुत होतो. दुसरा एक आंब्याचा बागायतदार. त्याचा उजवा पाय ब्रेकवरून कधी निघायचाच नाही. म्हणायचा, ‘आमच्या बागेच्या वाटेला कधी काय आडवं येईल सांगता येत नाय, पाय तयार हवा.’ दर तीन महिन्यांनी ब्रेक शू बदलायचो आणि दर वेळी तो मला सांगायचा, कंपनीनं फसवलं. मी हो म्हणायचो. गिऱ्हाइकाच्या पायाला हात लावायचा नाही, एवढं शहाणपण मला होतं.

तर तात्या. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला माणूस, सरळ, थोडा भिडस्त. गाडी शंभर सीसीची, त्यांच्या मुलीपेक्षा दोनच वर्षांनी लहान. कंपनीचं नाव सांगत नाही, उगाच उचकी लागायची. ही गाडी मी इतकी वर्षं सांभाळली होती की तिच्या इंजिनात घातलेल्या वॉशरसुद्धा मला तोंडपाठ होत्या. लिटरला पंचावन्नच्या खाली ती कधी आली नव्हती.

गणपती जाऊन पंधरा दिवस झाले आणि तात्या आले. ‘सुरेश, प्यायला लागली रे ही.’

‘कोण, वहिनी?’

‘चावटपणा पुरे. गाडी. महिना जायचा तिथं आठवड्यात टाकी कोरडी.’

मी प्लग काढला. काळा कुट्ट, तव्याच्या बुडासारखा. म्हटलं, सोपं आहे. कार्बुरेटर खोलला, धुतला, फ्लोट बघितला, फिल्टर साफ केला, ब्रेक सैल केले, चेनला तेल दिलं, प्लग घासून लख्ख केला आणि गाडी हातात दिली. आठ दिवसांनी तात्या पुन्हा हजर.

‘तसंच आहे रे. पण एक सांगू? हल्ली पहिल्या किकला चालू होते हो. तुझ्या हाताला यश आहे.’

मी शेणानं सारवलेल्या अंगणासारखा खुलून गेलो. त्या वाक्यात सगळं उत्तर होतं, पण स्तुती कानात शिरली की कान दुसरं काही ऐकत नाहीत. मी म्हटलं, तात्या, आता हिला सलाईनच लावू.

सलाईन म्हणजे खरंच सलाईन. ओळखीच्या कंपाउंडरकडून रिकामी बाटली आणायची, तिच्यावर आकडे असतातच. तिच्यात मोजून पेट्रोल भरायचं, हँडलला उलटी टांगायची आणि नळी थेट कार्बुरेटरला जोडायची. टाकीचा संबंध तोडायचा. मग गाडी घेऊन निघायचं, बंद पडेल तिथं थांबायचं आणि किती अंतर झालं ते बघायचं. यात खोटेपणाला जागा नाही. मी भाट्याच्या पुलावरून पावसच्या रस्त्याला लागलो. बाटली डुलतेय, रस्त्यातली पोरं हसतायत, एक आजीबाई म्हणाली, ‘अगो बाय, गाडी आजारी हाय काय?’ हिशोब केला तर लिटरला छप्पन. शाळेत मला कधी छप्पन मार्क पडले नव्हते, त्यामुळे माझा आनंद काही विचारू नका. तात्यांना म्हटलं, गाडी ठणठणीत आहे, निर्धास्त जा.

प्लग मात्र मी दुसऱ्यांदा काढून बघितला नाही. सलाईननं सांगितलं ना, मग कशाला? इथं मी चुकलो. नवीन शिकणारा काढेल, मी काढला नाही.

चार दिवसांनी सकाळी गॅरेजसमोर रिक्षा थांबली आणि तीतून वहिनी उतरल्या, तात्यांच्या पत्नी. आमच्या गॅरेजात बायका यायच्या त्या स्कूटर घेऊन, नाहीतर नवऱ्याच्या मागे बसून. वहिनी एकट्या, नेसूचं पातळ सावरत, ऑइलचे डाग चुकवत आत आल्या. मी स्टूल पुसून पुढे केलं. बसल्या नाहीत.

‘भावजी, एकच विचारायला आल्ये. खरं सांगायचं. गाडीत दोष आहे की नाही?’

आता बघा, प्रश्न काय होता आणि मी ऐकला काय! मला वाटलं, ही बाई माझ्या कामावर संशय घेतेय. माझा पारा चढला. म्हटलं, ‘वहिनी, गाडीत तसूभर दोष नाही. मी स्वतः सलाईन लावून छप्पन काढलंय. लिहून देऊ काय?’

‘नको, तुमचा शब्द पुरे,’ म्हणाल्या, आणि त्याच रिक्षानं परत गेल्या. मला वाटलं, चला, एक गिऱ्हाईक समाधानी झालं.

दुपारी तात्या आले. गाडी स्टँडवर लावायचंही भान नव्हतं, भिंतीला टेकवली. ‘मेल्या, काय सांगितलंस तू तिला?’

‘गाडी चांगली आहे म्हणून सांगितलं. आणि काय सांगणार?’

‘गाडी चांगली, मग पेट्रोल जातं कुठे? तर तात्या जातात तिथं! कळतंय काय तुला?’

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तात्यांचा एक इतिहास होता. बंदराजवळ बंद पडलेल्या एका बर्फाच्या कारखान्याच्या ओट्यावर पत्त्यांचा फड जमायचा आणि निवृत्तीनंतर तात्या तिथं असे रमले की घर विसरले. मुलीच्या साखरपुड्याला पाहुणे दारात आले तरी तात्या तिथंच. वहिनींचे भाऊ जाऊन उचलून घेऊन आले होते. त्यानंतर वहिनींनी त्यांना ग्रामदेवतेसमोर उभं केलं आणि पुन्हा त्या ओट्यावर पाऊल टाकणार नाही असा शब्द घेतला. आमच्याकडे कोर्टात खोटं बोलणारी माणसं आहेत, ग्रामदेवतेसमोर बोलणारं अजून भेटलं नाही.

आणि आता टाकी दर आठवड्याला रिकामी. वहिनींनी महिनाभर वाट बघितली, बोलल्या नाहीत. शेवटची आशा म्हणजे गाडी बिघडलेली असणार. तीही मी छप्पनचा दाखला देऊन खलास केली होती. ‘शुक्रवारच्या गाडीचं तिकीट काढलंय तिनं,’ तात्या म्हणाले. ‘मुलीकडे डोंबिवलीला निघालीय. कधी येणार म्हटलं तर म्हणते, बघू. चाळीस वर्षांत ती मला कधी ‘बघू’ म्हणाली नव्हती रे.’

त्यांचा आवाज असा झाला की मला खाली बघावं लागलं. गाडी निर्दोष म्हटली की माणूस आपोआप दोषी ठरतो, हे पस्तीस वर्षांत माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

‘तात्या, एक विचारू? रागावू नका. जाता काय तिथं?’

‘आठवड्याची टाकी संपेल एवढा मी कुठे जातो, सांग ना! लायब्ररी, भाजी, घर. झालं.’

मी पाना घेतला आणि जे काम आधीच करायला हवं होतं ते केलं. प्लग काढला. तेरा दिवसांपूर्वी लख्ख करून बसवलेला प्लग पुन्हा तव्याच्या बुडासारखा काळा! म्हणजे तात्या खरं बोलत होते. पेट्रोल फिरण्यात जात नव्हतं, जळत होतं, तेही नको तितकं. पण माझ्या हातात गाडी आली की ती सुतासारखी सरळ, आणि तात्यांच्या हातात गेली की पिते. बुधवारचा दिवस होता. शुक्रवार परवावर आला होता.

म्हटलं, तात्या, उद्या सकाळी तुम्ही नेहमीसारखे निघा. मी मागून येतो. माझ्याकडे बघायचं नाही.

गुरुवारी सकाळी मी त्यांच्या आळीच्या तोंडाशी स्कूटर लावून उभा राहिलो. पस्तीस वर्षांच्या धंद्यात गिऱ्हाइकाचा पाठलाग पहिल्यांदाच करत होतो. तात्या बाहेर आले, किक मारली, पहिल्या किकला चालू. माझ्या मनात पाल चुकचुकली. इतकी जुनी गाडी, पहाटेचं दहिवर पडलेलं, आणि पहिल्या किकला? पण ते निघाले आणि मीही निघालो. माझ्याकडे बघायचं नाही असं सांगितलं होतं, तर दर वळणावर वळून बघत होते आणि वर हातही करत होते.

आधी भाजीबाजार. तात्यांनी सुरण घेतला, दोडकी घेतली, दुधाच्या पिशव्या घेतल्या, सगळं एका कापडी पिशवीत कोंबलं आणि पिशवी हँडलच्या डाव्या बाजूला अडकवली. तिथून लायब्ररी. वाटेत चढ लागला तशी गाडी घुमायला लागली, मागून काळा धूर, मला खोकला. म्हटलं, धरली! पण काय धरलं ते मला कळेना. तात्या पिशवी गाडीलाच ठेवून पेपर वाचायला आत गेले. आमच्या रत्नागिरीत सुरण कोण चोरणार?

मी गाडीजवळ गेलो. पिशवी काढून सीटवर ठेवली आणि दोन्ही हातांनी हँडल धरलं. तेवढ्यात ‘खट्’ असा आवाज झाला.

मी दचकलो. आवाज माझ्याच हातातून आला होता. माझ्या डाव्या अंगठ्यानं चोकचा खटका बंद केला होता. मी सांगितलं नव्हतं त्याला. तो आपला आपणच गेला.

चोक म्हणजे काय ते सांगतो. थंड इंजिन चालू होत नाही, तेव्हा हँडलच्या डाव्या बाजूचा एक छोटा खटका ओढायचा. हवेची वाट अडते, पेट्रोल जास्त जातं, इंजिन पटकन पेट घेतं. गरम झालं की खटका परत ढकलायचा. विसरलात तर गाडी पेट्रोल ढोसते. दुरुस्तीला येणाऱ्या गाड्यांपैकी निम्म्यांचा चोक लोक ओढलेलाच ठेवून आणतात, म्हणून मेकॅनिकच्या अंगठ्याला खोडच लागते. गाडी धरली की खट्. श्वास घेतल्यासारखं. तो आवाज आपल्याला ऐकूही येत नाही. म्हणजे तात्या दर वेळी चोरासकट गाडी माझ्या दारात आणत होते आणि माझा अंगठा चोराला मागच्या दारानं सोडून देत होता. सलाईन लावायच्या आधी मीच पुरावा पुसला होता!

आणि चोक ओढत कोण होतं? मी पिशवी पुन्हा अडकवून बघितली. तिचे बंद आखूड होते, आरशाच्या दांडीवरून जाऊन बरोबर चोकच्या खटक्यावर बसत होते. सुरणाच्या वजनानं खटका हळूच खाली आला, अर्ध्यावर येऊन थांबला आणि तिथंच राहिला. दुसऱ्या दिवशी पहिल्या किकला चालू व्हायला गाडी मोकळी. चोक आदल्या दिवसापासूनच ओढलेला!

मी लायब्ररीत शिरलो आणि ओरडलो, ‘तात्या, चोक!’ सगळी टकली एकदम वर झाली. कोणीतरी म्हणालं, ‘पाणी द्या रे त्यांना.’

‘तात्या, ही पिशवी केव्हापासून?’

‘ही? गणपतीनंतर. माझ्या जुन्या पँटची शिवलीय हिनं. आधीची नायलॉनची मागं अडकवायचो, तिचा बंद लांब होता, सायलेन्सरला लागून वितळली. म्हणून हिचे बंद मुद्दाम आखूड ठेवलेत.’ आणि मग तात्यांच्या लक्षात आलं. पेपर तसाच टाकून ते उठले.

घरी गेलो तेव्हा वहिनी पडवीत सामान भरत होत्या. मेतकूट, आमसुलं, कुळथाचं पीठ, सगळं डोंबिवलीला निघालं होतं. अंगणात दोरीवर धुतलेली पातळं वाळत होती. माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘या भावजी. चहा टाकत्ये.’ तात्यांकडे बघितलंही नाही.

‘चहा नंतर. वहिनी, मी तुम्हाला चुकीचं सांगितलं.’

‘म्हणजे गाडीत दोष आहे?’

‘गाडीत नाही. तात्यांच्यातही नाही.’ पुढचं मला तोंडानं सांगवेना, म्हणून मी करूनच दाखवलं. गाडी अंगणात चालू केली, चोक बंद केला. इंजिन छान एका लयीत. मग पिशवी अडकवली. खटका हळूच खाली आला, इंजिन घुमलं आणि मागून काळ्या धुराचा लोट निघाला तो थेट दोरीवरच्या पांढऱ्या पातळावर. मी पिशवी काढली, खटका ढकलला, गाडी पुन्हा सरळ. पुन्हा अडकवली, पुन्हा धूर. वहिनी एकदा पिशवीकडे, एकदा पातळाकडे बघत राहिल्या.

‘म्हणजे माझ्याच पिशवीनं…’

‘तुमच्या पिशवीनं आणि माझ्या अंगठ्यानं,’ मी म्हटलं. ‘माझी चूक जास्त. मी प्लग बघायला हवा होता. न बघता छातीठोकपणे सांगितलं, त्याची मला लाज वाटते, वहिनी.’

वहिनी पायरीवर बसल्या. मग तात्यांकडे वळल्या. ‘चुकलं हो माझं. देवासमोर दिलेला शब्द तुम्ही मोडाल असं मनात आणायला नको होतं मी.’

झालं! इथं तात्यांनी ‘जाऊ दे गो’ म्हणायचं, वहिनींनी चहा टाकायचा, मी पिऊन घरी जायचं. इतकं सोपं होतं. पण तात्या मान खाली घालून उभे. म्हणाले, ‘तू माफी मागू नकोस.’

‘का?’

‘दोनदा गेलो होतो मी.’

मी डोळे वटारले, खोकलो, मान हलवली. अहो, निर्दोष सुटलेल्या माणसानं पुन्हा जाऊन पिंजऱ्यात उभं राहायचं असतं काय? पण तात्या थांबेनात. ‘खेळलो नाही. नुसता बघत उभा राहिलो. पण गेलो होतो. दोनदा.’

अंगणात गाडी धडधडत होती. मी शुक्रवारची गाडी डोळ्यांसमोर बघत होतो.

‘ठाऊक आहे मला,’ वहिनी म्हणाल्या. ‘एकदा संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी. आणि एकदा लायब्ररीत व्याख्यान आहे म्हणून गेलात तेव्हा. व्याख्यान ऐकून आलेल्या माणसाच्या सदऱ्याला सुक्या मासळीचा वास येतो काय? दोन्ही वेळा मी देवळात जाऊन नारळ देऊन आल्ये. म्हटलं, माणूस आहे, पाय वळला असेल, पदरात घे. ते मिटलं तिथंच.’

‘मग?’ तात्यांनी मान वर केली.

‘मग काय मग! पेट्रोल जात होतं टाकीच्या टाकी. दोन वेळांचं मला माहीत, बाकीचे दिवस तुम्ही कुठे जाता? मला सांगता येणार नाही असं कुठे जाता? महिनाभर डोळ्याला डोळा नाही माझा.’

तात्या मटकन त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. साठी उलटलेला माणूस, सरकारी हेडक्लार्क, तोंडावर दोन्ही हात घेऊन हुंदके द्यायला लागला. माझेही डोळे भरून आले, मी काय करू ते न कळून पिशवी हातात घेऊन तसाच उभा.

वहिनींनी पदरानं डोळे पुसले, तात्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि माझ्यावर खेकसल्या, ‘भावजी, बघत काय उभे राहिलात? ती गाडी बंद करा आधी. पेट्रोल जातंय!’